पाण्याखालची खोली

आपल्या भागात कोणी ‘पाण्याखालचे घर’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात मौजेचे चित्र उभे राहत नाही. सातारकरांना शिवसागर आठवतो. कोयनेवर धरण झाले आणि जावळी-पाटणच्या खोऱ्यातील गावेच्या गावे जलाशयाखाली गेली. माझी आजी त्या खोऱ्यातली. बामणोलीच्या काठावर उभी राहिली, की पाण्याच्या मध्यावर बोट रोखून ती म्हणायची, “तिथं आमचं परडं.” सांगलीकरांना २००५, २०१९ आणि २०२१ ही साले आठवतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर त्या पुराची रेघ रंग देऊनही पावसाळ्यात पुन्हा उमटते.

त्यामुळे आमच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी गेल्या वर्षी माझ्यासमोर मोबाइल धरला आणि “डॉक्टरीणबाई, मी पाण्याखाली झोपायला जाऊ का?” असे विचारले, तेव्हा मला क्षणभर काही बोलताच आले नाही. मुलगा दुबईत नोकरीला. वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्याने तेथील एका हॉटेलात एका रात्रीसाठी अशी खोली पाहून ठेवली होती, जिच्या एका भिंतीच्या जागी काच आणि काचेपलीकडे मासे. सरांना पंधरा वर्षांपासून रक्तदाब, सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी आणि जुन्या सिगारेटींनी फुप्फुसांवर ठेवलेली खूण, त्यासाठी रोज दोन वेळा इनहेलर. मी म्हणाले, “नको.”

या सदरात आपण बहुधा गुडघे, साखर आणि रक्तदाब यांविषयी बोलतो. समुद्रतळाच्या हॉटेलांचा विषय पाहून आपणांस आश्चर्य वाटेल. परंतु मुले परदेशी असलेली किती घरे आपल्याकडे आहेत, हे मी वेगळे सांगायला नको. आईवडिलांना काहीतरी अपूर्व दाखवावे, ही त्या मुलांची ओढ खरी असते. आणि सर भूगोलाचे शिक्षक. तीस वर्षे त्यांनी फळ्यावर रंगीत खडूने प्रवाळ काढले, प्रत्यक्षात एकही पाहिले नाही. दवाखान्यातून ते निघून गेल्यावर माझा ‘नको’ मलाच टोचू लागला. तो मी कोणत्या आधारावर दिला होता? पाणी म्हणजे धोका, एवढाच. मग मी वाचायला बसले आणि दोन दिवसांनी त्यांना पुन्हा बोलावून घेतले. जे त्यांना सांगितले, तेच येथे आपणांसमोर ठेवते.

पाण्याखालच्या निवासाचे दोन अगदी भिन्न प्रकार आहेत आणि वैद्यकीयदृष्ट्या त्यांची एकमेकांशी गल्लत होता कामा नये.

पहिल्याचे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात की लार्गो येथे आहे. ‘ज्यूल्स अंडरसी लॉज’ हे त्याचे नाव. ‘ला चालुपा’ नावाची ही मूळची सागरी प्रयोगशाळा. १९८६ पासून तेथे पाहुणे राहतात. तेथे जिना नाही, लिफ्ट नाही. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरायचे आणि खोलीच्या तळाला असलेल्या उघड्या चौकटीतून वर यायचे. चौकट उघडी असून पाणी आत का शिरत नाही? लहानपणी आपण बादलीत पेला उपडा धरून सरळ खाली दाबत असू. आतली हवा पाण्याला वर येऊ देत नसे. तेच येथे घडते. पण त्याचा अर्थ असा, की आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याएवढाच वाढलेला असतो. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढत जातो. अशा वाढीव दाबात श्वास घेतला, की हवेतील नायट्रोजन रक्तात आणि चरबीत नेहमीपेक्षा अधिक विरघळतो. तेथून घाईने कमी दाबात आले, तर सोड्याची बाटली उघडल्यावर फसफसते, तसे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखतात, अंग बधिर होते, क्वचित पक्षाघातापर्यंत मजल जाते. म्हणून तेथे रात्र काढलेल्या पाहुण्याला पुढचे २४ तास विमानात बसण्यास मनाई असते. २०२३ मध्ये जोसेफ दितुरी हे अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे याच ठिकाणी सलग १०० दिवस राहिले. ते तेव्हा ५५ वर्षांचे होते आणि सारे आयुष्य पाण्याखाली काम केलेले होते. त्यांचे पाहून आपल्या आजोबांना तेथे पाठवण्याचा विचार कोणी करू नये.

दुसरा प्रकार बंद खोलीचा. मालदीवमधील रंगाली बेटावर २०१८ मध्ये सुरू झालेला ‘मुराका’ हा निवास समुद्रपातळीखाली सुमारे पाच मीटरवर आहे. स्वीडनमधील व्हेस्टेरोस येथे एका तळ्यात २००० पासून ‘उटर इन’ नावाची चिमुकली तरंगती खोली आहे. झोपायची जागा पाण्याखाली तीन मीटर. टांझानियातील पेम्बा बेटावरही तसा तरंगता निवास आहे. दुबईतील ‘अटलांटिस’ या २००८ मध्ये उघडलेल्या हॉटेलातील खोल्या तर खऱ्या अर्थाने समुद्राखाली नाहीतच. त्या एका प्रचंड मत्स्यालयाच्या काचेला लागून आहेत. या सर्व ठिकाणी आपण वरच्या हवेतूनच, कोरड्या अंगाने आत जातो आणि आतला दाब आपल्या माजघरातल्या इतकाच असतो. बाहेरच्या पाण्याचा सारा भार काच आणि भिंती पेलतात. आपले कान, फुप्फुसे, हृदय यांना त्याचा पत्ताही लागत नाही. नायट्रोजनचा प्रश्न नाही, बाहेर पडल्यावर थांबण्याचे कारण नाही.

सरांची खोली या दुसऱ्या प्रकारची होती. म्हणजे ज्या गोष्टीला मी भ्याले, ती त्यांच्या शरीराच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी होती. गंमत अशी, की ज्याला कोणीच भीत नाही त्या विमानप्रवासाचा त्यांच्या फुप्फुसांवर अधिक ताण येणार होता. विमान आकाशात असताना आतला दाब समुद्रसपाटीएवढा ठेवत नाहीत. तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या इतका असतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे विमानात बसणे हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखराच्याही वर जाऊन तीन-चार तास बसून राहणे होय. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. ज्याची फुप्फुसे आधीच थकलेली आहेत, त्याच्या रक्तातील प्राणवायू तेथे आणखी उतरतो.

करोनाच्या काळात प्रत्येक घरात आलेले बोटाला लावायचे यंत्र आता कपाटाच्या खणात सेल संपून पडले असेल. ते बाहेर काढा. दहा मिनिटे शांत बसल्यावर आकडा ९२ च्या खाली असेल, तर डॉक्टरांना दाखवल्यावाचून विमानाचे तिकीट काढू नये. ९५ च्या खाली असेल आणि दम्याचा किंवा हृदयाचा विकार असेल, तरी आधी बोलून घ्यावे. काहींना विमानात प्राणवायूची सोय लागते आणि ती विमान कंपनीला बऱ्याच आधी कळवावी लागते. सरांचा आकडा ९६ आला. जिना एक मजला चढून आल्यावर ९३. मी मान डोलावली.

मग आम्ही त्या खोलीपर्यंतच्या वाटेचा विचार केला, कारण ज्येष्ठांचे अपघात बहुधा मुक्कामाच्या ठिकाणी होण्याआधीच होतात. बेटावरच्या निवासाला वेगवान बोटीने जावे लागते. अशा बोटीत पुढच्या बाजूस कधीही बसू नये. लाटेवर बोट आपटली, की बसणारा हिसका ठिसूळ मणक्यांना सोसत नाही आणि मणका दबून बसतो. स्वीडनच्या त्या खोलीत शिडीने उतरावे लागते, म्हणजे गुडघे बदललेल्यांनी तो विचारच सोडावा. खोली आणि स्वच्छतागृह एकाच पातळीवर आहे का, मध्ये पायऱ्या आहेत का, रात्री पायाशी दिवा राहतो का, हे आरक्षण करणाऱ्या मुलाने फोन करून विचारावे. छायाचित्रात मासे दिसतात, पायऱ्या दिसत नाहीत.

बोट लागते म्हणून औषधांच्या दुकानातून सहज मिळणारी उलटीची गोळी घेण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यांपैकी कित्येक गोळ्यांनी वयस्कांना गुंगी येते, तोंड सुकते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते, कोणाला रात्री भ्रम होतो. काचबिंदूच्या काही रुग्णांना त्या मुळीच चालत नाहीत. दहा रुपयांची गोळी आहे म्हणून ती निर्धोक ठरत नाही. दुसरे औषधांविषयीच. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल, कोडीन अशी काही औषधे पूर्वपरवानगीखेरीज नेता येत नाहीत. आपल्याकडे गुडघेदुखीच्या किंवा खोकल्याच्या औषधांतून ती सहज पोटात जात असतात आणि पिशवीत कोणती गोळी आहे, हे पुष्कळदा घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. सगळी पाकिटे टेबलावर मांडून आपल्या डॉक्टरांसमोर एकदा वाचून घ्यावीत, चिठ्ठीची प्रत सोबत ठेवावी, आणि औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नव्हे. प्रवासविमा उतरवताना जुने आजार लपवू नयेत. लपवलेल्या आजाराचा खर्च कोणी देत नाही.

येथे थोडे थांबून तारकर्लीविषयी बोलणे मला आवश्यक वाटते, कारण मालदीवला जाणारे आपल्यातले मोजके आणि मालवणला जाणारे घरोघर. आपल्या किनाऱ्यावर समुद्राखालचे हॉटेल नाही. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तिचे संग्रहालय करण्याचा राज्य पर्यटन विकास महामंडळाचा प्रकल्प हीच त्या दिशेची चाहूल. पण स्कूबा मात्र आहे, आणि स्कूबा हा वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारचा, अंगावर दाब घेण्याचा मामला आहे. उतरण्याआधी एक छापील कागद देतात: रक्तदाब आहे का, दमा आहे का, हृदयाचे ऑपरेशन झाले आहे का. मी स्वतः पाहिले आहे, की मुलगा रांगेत उभा राहून वडिलांच्या वतीने खालपासून वरपर्यंत ‘नाही’ अशी खूण करीत जातो. वडील शेजारी उभे, खिशात इनहेलर.

असे करू नका. पाण्यात शिरताच हातापायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते आणि हृदयावर अचानक भार येतो. रक्तदाब असलेल्या वयस्कांच्या फुप्फुसांत त्यामुळे पाणी साचल्याचे प्रसंग वैद्यकशास्त्राला परिचित आहेत. दम्याच्या रुग्णाच्या फुप्फुसांत हवा अडकून राहते. वर येताना दाब कमी झाला, की ती फुगते आणि फुप्फुसाला इजा करू शकते. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर पाण्यात घसरली, तर ते ना त्याला सांगता येते, ना दुसऱ्याला ओळखता येते. आणि साधी सर्दी असली, तरी कानातील दाब सारखा होत नाही. हे मी अनुभवाने सांगते. बावन्नाव्या वर्षी, नाक चोंदलेले असताना, भाचरांसमोर मागे हटायला नको म्हणून मी उतरले. कानात सुरी खुपसल्यासारखे झाले आणि पुढे आठ दिवस दडे बसलेले होते. रुग्ण काय सांगत आहेत, हे मला अर्धेच ऐकू येई.

घरी परतण्याविषयीही एक सूचना आहे. स्कूबा करून वर आल्यावर उंचावर जाणे म्हणजे दाब आणखी कमी करणे. आपण तर फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट चढूनच घरी येतो. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, सातारा त्याहून उंच. पर्यटकांना नेतात तेथे पाणी उथळ असते आणि वेळही थोडा, त्यामुळे धोका लहान आहे हे खरे. तरी घरातल्या तरुणांनी सकाळी स्कूबा केला असेल, तर ती रात्र किनाऱ्यावर काढून दुसऱ्या दिवशी घाट चढावा. विमानासाठी, एकदाच आणि उथळ उतरलेल्याने, किमान बारा तासांचे अंतर राखावे. ज्येष्ठांसाठी मात्र माझे मत सरळ आहे: सत्तरीनंतर, त्यातही हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असता, स्कूबा नको. काचेच्या तळाची होडी असेल तर तिच्यातून पाहावे, किंवा काठावर बसून तळलेला बांगडा खावा.

असो. सरांना मी प्रवासास योग्य असल्याचे प्रमाणपत्र लिहून दिले. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवले, तेव्हा त्यांचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता. माझ्याही मनात आपण अभ्यास करून योग्य निर्णय दिल्याचे समाधान होते.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी आल्या, एकट्या. डोके जड आहे म्हणाल्या. रक्तदाब १७०-१००. त्यांना रक्तदाबाचा त्रास आजवर कधी नव्हता. आठवडाभर झोप नाही. मी नेहमीचे प्रश्न विचारले, मीठ, लघवी, छातीत धडधड. त्या उत्तरे देत राहिल्या आणि उठता उठता म्हणाल्या, “डॉक्टर, त्या खोलीत रात्री दिवा मालवला, तरी पाणी दिसत राहतं का हो?”

मी त्यांना पुन्हा बसवले. २०१९ च्या पुरात हे दोघे दोन रात्री वरच्या मजल्यावर अडकले होते. वीज नव्हती. “खाली स्वयंपाकघरात माझी भांडी पाण्यावर तरंगत होती,” त्या म्हणाल्या, “आणि रात्रभर एकमेकांवर आपटत होती. टण्, टण्. मला वाटायचं, कुणी खाली स्वयंपाक करतंय.” नंतर होडीतून त्यांना बाहेर काढले. घर धुतले, रंगवले, नवी भांडी आली. आवाजाविषयी त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. पावसाळ्यात अजूनही रात्री दोनदा उठून जिन्याच्या खालच्या पायरीवर हात लावून पाहतात, कोरडी आहे ना. मुलाचा उत्साह, नवऱ्याचा आनंद. आपण कशाला मोडता घालायचा, म्हणून गप्प होत्या.

मी सरांचा प्राणवायू जिना चढवून मोजला होता. त्या खोलीत दोघे झोपणार आहेत, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

वाचकहो, अशा भीतीला कृपा करून भित्रेपणा म्हणू नका, आणि ‘काच किती जाड आहे’ हे सांगून ती जाईल असेही समजू नका. काकूंना काचेची जाडी कळत होती. ज्यांनी पूर, भूकंप, अपघात भोगला आहे, त्यांच्या शरीराची सावधगिरी वर्षानुवर्षे तशीच राहू शकते आणि तशाच दृश्याने, आवाजाने, वासाने जागी होते. झोप उडणे, धडधड, रक्तदाब चढणे ही तिची रूपे. हे पुष्कळ काळ चालले असेल, तर त्यावर उपचार आहेत, आणि मी काकूंना एका मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्या जायला तयार झाल्या, याचे श्रेय त्यांचेच.

ज्यांच्यावर सहल ठरवण्याची जबाबदारी असते, त्यांनी प्रत्येक ज्येष्ठाला वेगळे गाठून विचारावे; नातवंडांसमोर, तिकीट काढून झाल्यावर विचारले तर ‘हो’च मिळणार. बंद जागेची भीती आहे का, हे सरळ विचारून कळत नाही. “एमआरआयच्या यंत्रात जीव घाबरला होता का?” असे विचारा, लगेच कळते. ज्यांची स्मृती क्षीण होत चालली आहे, त्यांना अशा खोलीत रात्री ठेवूच नये. अनोळखी जागा, निळसर हलता उजेड, भिंतीत फिरणारी सावली. अर्धवट झोपेत उठलेल्या माणसाला आपण कोठे आहोत हे उमगत नाही आणि तो दार शोधू लागतो.

सरांना सांगण्याचे काम काकूंनी माझ्यावर सोपवू पाहिले. मी नाही म्हणाले. तुम्हीच सांगा, मी शेजारी बसते, असे सांगितले. सर ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “टण् टण् मलाही ऐकू यायचं. मला वाटलं, तू झोपली आहेस.”

दुबईला ते गेले. साध्या खोलीत राहिले, अकराव्या मजल्यावर, आणि दिवसा मुलाबरोबर एक मोठे मत्स्यालय पाहून आले. परतल्यावर दवाखान्यात खजुराचे पाकीट घेऊन दोघे आले. सर प्रवाळाविषयी वीस मिनिटे बोलले. बाहेर रुग्ण ताटकळत होते, पण मी थांबवले नाही. काकू काचेपासून चार हात अंतरावर बाकावर बसून राहिल्या होत्या म्हणे आणि तेथल्या कर्मचाऱ्याला मुलाकरवी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: हे पाणी सोडायचे झाले, तर कुठे सोडतात?

सर हे सांगताना हसत होते. “यात हसायचं काय?” काकू म्हणाल्या आणि रक्तदाब पाहण्यासाठी त्यांनी बाही वर केली. १३६-८४.